उजव्या खिशाचे प्रधानमंत्री

१

वर्षअखेरीची पुरवणी वाचकांच्या हातात पडली त्या सकाळी पहिला फोन रोजच्या काकांचा आला, यात नवल काहीच नव्हतं. रोजचे काका म्हणजे निवृत्त शाळा तपासनीस. तपासायला आता शाळा उरल्या नाहीत म्हणून ते आमचं वर्तमानपत्र तपासतात. आमच्या वर्तमानपत्रात ‘चूकभूल’ नावाचं छोटंसं सदर मी लिहिते. आदल्या दिवशी कोणी काय घोळ घातला ते शोधायचं आणि दुसऱ्या दिवशी चार ओळींत माफी मागायची. घोळ घालणारे नामानिराळे, शिव्या मला. ऑफिसात माझं नावसुद्धा आता चूकभूलच पडलंय.

“बाई,” काका म्हणाले, “प्रधानमंत्र्यांचा खिसा उजव्या बाजूला कधीपासून गेला?”

“काका, त्यांचा खिसा कुठवर गेलाय ते अजून देशालाच कळलेलं नाही.”

“चेष्टा नको. एप्रिलचं पान उघडा. जाकिटाचा वरचा खिसा उजवीकडे आहे. आजवर डावीकडे असायचा. फोटो उलटा छापलात तुम्ही.”

“एप्रिलच्या पानावर प्रधानमंत्री कशाला असतील? तुम्ही दुसरंच पान बघताय.”

“मला वाचता येतं, बाई.”

मी पुरवणी उघडली. एप्रिल. पानभर प्रधानमंत्री. हात वर, तोंडभर हसू, मागे निळं आकाश.

मी फोन तसाच टेबलावर ठेवला. या पानावर वेगळाच फोटो यायचा होता. काल सकाळी मी तो माझ्या डोळ्यांनी पाहिला होता, आणखी पाचजणांनी पाहिला होता. त्या फोटोवर एका माणसाचं उरलेलं आयुष्य टांगलेलं होतं, आणि त्या माणसाची बायको आत्ता खाली स्वागतकक्षातल्या बाकावर अंक घ्यायला येऊन बसली होती. मीच तिला बोलावलं होतं.

२

हे वर्ष कसं गेलं ते सगळ्यांना माहीत आहे, पण माझा संताप उतरत नाही म्हणून पुन्हा सांगते. जानेवारीत सरकार पडलं, कारण सात खासदार एका हॉटेलात जेवायला गेले आणि जेवून उठले ते थेट समोरच्या बाकांवर जाऊन बसले. फेब्रुवारीत त्याच सातांनी तत्त्वासाठी म्हणून मंत्रिपदं घेतली. मार्चमध्ये निवडणूक झाली. एप्रिलमध्ये स्टेडियमवर विजयसभा, आणि सभा सुटताना चेंगराचेंगरी. एकवीस माणसं गेली. पुढे गॅस महागला, बसवाल्यांचा संप मोडला आणि ऑक्टोबरात कायदा आला की यापुढे कोणालाही सभा घ्यायची तर सरकारची परवानगी हवी. चर्चा नाही, प्रश्न नाहीत, नुसते हात वर. कारण काय दिलं? एप्रिलची चेंगराचेंगरी! सभा ह्यांची, मेलेली माणसं आमची, आणि तोंड बंद करायचं तेही आमचंच. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

माणसं मेली ती स्टेडियमच्या पश्चिमेच्या गेटाशी. गेटाला बाहेरून साखळी आणि कुलूप होतं. किल्ली राखणदाराकडे असते, म्हणून कुलूप राखणदारानं लावलं, असं पोलिसांनी दोन दिवसांत ठरवून टाकलं. तो बिचारा पहिल्यापासून एकच सांगत होता. पांढऱ्या शर्टातल्या एका माणसानं, मंत्रिसाहेबांच्या गाड्या निघेपर्यंत गेट बंद, असं म्हणून माझ्या हातातून किल्ली ओढून घेतली. मी लोकांना मागे सारायला आत धावलो आणि आतच अडकलो. मग हा आत आणि कुलूप बाहेर, हे कसं? पोलिसांकडे त्याचंही उत्तर तयार होतं: कुलूप लावून घाबरला आणि भिंतीवरून उडी मारून आत पळाला. पन्नाशीचा माणूस, गुडघे धरून जिना चढणारा! पण तेव्हापासून तो तुरुंगात होता. चौकशी आयोग बसला होता आणि आयोगापुढे पुरावा द्यायची मुदत उद्या संपत होती.

आणि गेल्या आठवड्यात तो फोटो सापडला. वर्षअखेरीच्या पुरवणीसाठी आमचा छायाचित्रकार, ज्याला आम्ही फ्लॅश म्हणतो, न वापरलेले फोटो उकरत होता. सभेच्या दिवशी तो एका बसच्या टपावर उभा होता. एका फोटोत पश्चिमेचं गेट आलं होतं. बाहेरच्या बाजूला झेंडा लावलेली गाडी, पांढऱ्या शर्टातला एक माणूस वाकून कुलूप लावतोय, त्याचा चेहरा एका बाजूनं स्वच्छ दिसतोय. आणि गजांच्या आत, सगळ्यांच्या पुढे, हात बाहेर काढून किल्ली मागणारा खाकी कपड्यांतला राखणदार.

मी म्हटलं, हा आत्ताच्या आत्ता आयोगाला द्या. संपादकसाहेब म्हणाले, “आधी छापू, मग देऊ. छापलेलं कोणाला दाबता येत नाही.” मला ते पटलं होतं, हे आता आठवलं तरी माझं डोकं फिरतं.

काल सकाळी पुरवणीची सगळी पानं छापून भिंतीवर लावली होती. पहिलं मुखपृष्ठ, मग एकेका महिन्याला एकेक पान, पानावर एकच मोठा फोटो, खाली ओळ नाही. चित्रच बोलेल, अशी साहेबांची कल्पना. भिंतीपुढे आम्ही सहाजण होतो. साहेब, फ्लॅश, मी, पानांची मांडणी करणारी आमची फूटपट्टी (बारीक आणि सरळ म्हणून हे नाव), जाहिरात विभागाचा प्रमुख म्हणजे मालकांचा जावई, त्याला सगळे जावईबापूच म्हणतात, आणि गुरुजी. गुरुजींनी चाळीस वर्षं या वर्तमानपत्राची पानं लावली, निवृत्तीनंतर सल्लागार म्हणून येतात, आणि आमच्यातल्या प्रत्येकाला पान म्हणजे काय ते त्यांनीच शिकवलं. एप्रिलसमोर ते चष्मा पुसत बराच वेळ उभे राहिले. “पान चांगलं झालंय,” एवढंच म्हणाले.

साहेबांनी सगळ्या पानांवर सही केली. आम्ही जेवायला गेलो. गुरुजी जेवायला थांबत नाहीत. त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं होतं. जेवणं आटोपल्यावर पुरवणी छापखान्यात गेली.

तो फोटो दुसऱ्या कोणी पाहिलाच नव्हता. म्हणजे चोर या सहांपैकीच होता, आणि त्यातली एक मी.

३

फ्लॅश माझ्याआधीच हातपाय गाळून बसला होता. “कॅमेऱ्याचं कार्ड ड्रॉवरमध्ये होतं, चूकभूल. नाहीये. कॉम्प्युटरवरचा मूळ फोटोही पुसलाय. माझ्याकडे दुसरी प्रत नाही.”

“दुसरी प्रत नाही? एवढ्या मोठ्या फोटोची?”

“आज सगळ्यांनाच देणार होतो ना! छापून येणारच होता.”

त्याच्यावर ओरडण्यात अर्थ नव्हता, पण मी ओरडले. मग फूटपट्टीकडे वळले. तिचे डोळे आधीच लाल झाले होते.

“मी पान उघडून फोटो बदलला असं सगळे म्हणतायत,” ती म्हणाली. “ताई, पान उघडायची गरजच नसते. पानात फोटो नसतोच. फोटोचा पत्ता असतो. छापायला पाठवताना मशीन त्या पत्त्यावर जातं आणि तिथे जे सापडेल ते उचलतं. कोणीतरी त्या पत्त्यावरचा फोटो काढला आणि त्याच नावानं, त्याच मापाचा दुसरा ठेवला. माझ्या स्क्रीनवर शेवटपर्यंत जुनाच दिसत होता.”

“हे कोणाला जमेल?”

“आपल्या विभागात कोणालाही. फोटोंचा कॉम्प्युटर दिवसभर उघडाच असतो.”

“आणि भिंतीवरची पानं?”

“जेवणानंतर जाहिरात आली ना, दुसऱ्या पानावर. मग सगळे महिने एकेक पान पुढे सरकले. नुसते आकडे बदलायचे होते म्हणून परत छापून बघितलं नाही. भिंतीवरची पानं शिपायानं काढून रद्दीत टाकली.”

आम्ही दोघींनी रद्दीचं पोतं उपसलं. जानेवारी सापडला, मार्च सापडला, चहाचे डाग पडलेला डिसेंबर सापडला. एप्रिल नव्हता. कोणीतरी तो आधी भिंतीवरूनच उचलला होता.

मला संशय कोणाचा असणार? दुसऱ्या पानावरची जाहिरात सरकारचीच होती: ‘वर्ष एक, यश अनेक’. वर्षभर लोकांच्या उरावर बसून वर पानभर स्वतःची पाठ थोपटायची, आणि त्याचे पैसेही लोकांनीच भरायचे. ती जाहिरात जावईबापूनं आणली होती. मी दार न वाजवता त्याच्या केबिनमध्ये घुसले.

“किती लाजिरवाणं काम केलंत!” मी म्हणाले. “जाहिरातीच्या बदल्यात फोटो. असंच ठरलं होतं ना?”

त्यानं शांतपणे खुर्ची मागे सरकवली. मला वाटलं आता रागावेल. तो हसला.

“चूकभूल, तुम्ही हुशार आहात असं सासरेबुवा म्हणतात. जरा विचार करा. मला फोटो नको असता तर मी काय केलं असतं? साहेबांना फोन करून सांगितलं असतं, काढा तो. त्यांनी काढला असता. मी मालकांचा जावई आहे हो. मला चोरी करायची काय गरज? मी हुकूम देतो.”

हे ऐकून मला त्याची जितकी चीड आली तितकी तो चोर निघाला असता तरी आली नसती. कारण तो खरं बोलत होता.

४

साहेबांनी केबिनचं दार लावून घेतलं. “हे बघ, झालं ते झालं. उद्याच्या चूकभूलमध्ये लिही, तांत्रिक कारणामुळे एप्रिलच्या पानावर वेगळे छायाचित्र छापले गेले.”

“वेगळे म्हणजे कोणते, ते लिहू?”

“नको.”

“मग आयोगापुढे चला. आपण सहाजणांनी तो फोटो पाहिलाय. तेवढं सांगा.”

“पाहिला म्हणजे काय पाहिला? एक गेट, एक माणूस. फोटोच नाही तर आपल्या सांगण्याला कोण विचारतो? उगाच नसतं लचांड मागे लागायचं.” त्यांनी टेबलावरचा कागदांचा गठ्ठा नीट केला. “वर्ष वाईट आहे. वर्तमानपत्र चालू राहिलं पाहिजे.”

“कशासाठी?” मी विचारलं.

मी माझ्या टेबलाशी आले. खाली राखणदाराची बायको बसली होती आणि तिला काय सांगायचं ते मला सुचत नव्हतं. पुरवणी समोर पडलेली होती. प्रधानमंत्री हसत होते. रागाच्या भरात मी पान फाडणार इतक्यात काकांचा खिसा आठवला.

फोटो उलटा का होता?

मी फूटपट्टीला हाक मारली. तिनं कॉम्प्युटरवरून प्रधानमंत्र्यांचा हाच फोटो मूळ रूपात शोधून काढला. त्यात खिसा डावीकडे होता, जिथे असायला हवा तिथे, आणि प्रधानमंत्री उजवीकडे बघत होते. छापलेल्या फोटोत खिसा उजवीकडे आणि प्रधानमंत्री डावीकडे बघत होते. म्हणजे चोरानं नुसता फोटो ठेवला नव्हता, मुद्दाम उलटवून ठेवला होता.

“कोणी उलटवला असेल गं?”

“आपल्यातलं कोणी नाही ताई,” ती लगेच म्हणाली. “बघा ना, त्यामुळे ते पानाबाहेर बघतायत. घोडचूक आहे ही. माणसाचं तोंड पानाच्या आत पाहिजे.”

हे आमच्या धंद्यातलं पहिलं शिक्षण. अंक उघडला की समोर डावं पान आणि उजवं पान. डाव्या पानावरच्या माणसानं उजवीकडे बघायचं, उजव्या पानावरच्यानं डावीकडे. म्हणजे दोघांची तोंडं आत, घडीकडे. बाहेर बघणारा माणूस वाचकाचं लक्ष घेऊन पानाबाहेर निघून जातो.

“एप्रिल आता कोणत्या पानावर आहे?”

“सहाव्या. डाव्या बाजूला.”

“आणि जाहिरात यायच्या आधी?”

“पाचव्या. उज...” ती थांबली. “उजव्या.”

मी पुरवणी पुन्हा उघडली.

तो फोटो आहे तसा ठेवला असता तर सहाव्या पानावर चपखल बसला असता. तो उलटवण्याची उठाठेव कोण करेल? एप्रिल उजव्या पानावर आहे अशी ज्याची खात्री आहे तोच. आणि ही उठाठेव अशा वेळी, जेव्हा पकडलं जाण्याची भीती डोक्यावर आहे, एकेक क्षण मोलाचा आहे. चोरी करतानासुद्धा ज्याला बाहेर बघणारं तोंड सहन होत नाही, असाच माणूस ते करेल.

जावईबापूला तोंड आत काय नि बाहेर काय, दोन्ही सारखंच. शिवाय जाहिरात त्यानंच आणलेली. साहेबांनी जाहिरातीवर सही केली होती. फूटपट्टीनं स्वतः पानं सरकवली होती. फ्लॅशचं म्हणाल तर फोटो उलटवणं हे त्याच्या लेखी पाप. एकदा त्याचा फोटो उलटा छापला तेव्हा तो दोन दिवस कोणाशी बोलला नव्हता. मी स्वतःला सोडून दिलं. महिने पुढे सरकल्याचं ज्याला कळलंच नाही असा एकच माणूस उरत होता, कारण जाहिरात आली तेव्हा तो डोळ्यांच्या डॉक्टरकडे होता.

फूटपट्टीचा हात तोंडावर गेला. “नाही ताई. ते नाही.”

मी पुरवणी उचलली आणि जिना उतरले. बाकावरच्या बाईंना म्हटलं, “अंक घरी नेऊ नका. थांबा इथेच. मी येते.”

५

दार गुरुजींनीच उघडलं. डोळ्यांवर काळा चष्मा. घरात औषधाचा वास होता आणि आत कोणीतरी भांडी लावत होतं.

“ये पोरी, ये. पुरवणी आणलीस? मी अजून पाहिली नाही. डोळ्यांत थेंब घातलेत, अक्षर लागत नाही. लेक आलीये म्हणून बरं, वेळेवर थेंब घालते.”

ते खुर्चीत टेकले. मी बसले नाही. पुरवणी उघडून त्यांच्या मांडीवर ठेवली. “एप्रिल आहे. बोटानं घडी चाचपा आणि सांगा, पान कोणत्या बाजूला आलंय.”

त्यांचं बोट घडीवरून खाली गेलं. मग डाव्या पानावर आलं आणि थांबलं.

“जाहिरात आली असेल,” ते शेवटी म्हणाले. “दोन नंबरला.”

“हो.”

“मला कोणी सांगितलं नाही.”

“चोराला कोण सांगणार?”

हा शब्द मी त्यांच्यासाठी वापरीन असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. ज्यांनी मला शिकवलं की एक आकडा चुकला तर चार ओळी माफी मागायची, त्यांनी एका जिवंत माणसाला पानावरून पुसून टाकलं होतं. का, तेवढंच मला कळत नव्हतं. आणि मग भिंतीकडे नजर गेली. लेकीच्या लग्नाचा फोटो. लेक समोर बघत होती. शेजारचा नवरा तिच्याकडे वळून हसत होता, आणि तो एका बाजूनं दिसणारा चेहरा मी काल सकाळी गेटाशी वाकलेला पाहिला होता.

दिवसभर मी जावयाच्याच मागे होते. फक्त चुकीच्या.

“जावई मंत्र्यांचा पीए आहे, असं तुम्हीच सांगायचात. हाच ना तो?”

“त्यानं आपल्या मनानं नाही लावलं गं कुलूप,” गुरुजी म्हणाले. आवाज अगदी खाली आला होता. “मंत्री गाडीत बसून सांगत होते. पण फोटोत मंत्री कुठे आहेत? फोटोत हाच आहे. ते सगळं ह्याच्यावर ढकलतील आणि हात झटकून मोकळे होतील. लेकीचा संसार उघड्यावर येईल. दोन लहान मुलं आहेत तिला.”

“आणि राखणदाराला नाहीत?”

“तो सुटेल दोनचार वर्षांत. अशा माणसांना फार शिक्षा होत नाही.”

“अशा माणसांना!” मी ओरडले. गुरुजींसमोर मी आयुष्यात आवाज चढवला नव्हता. “मंत्री ह्याच्यावर ढकलतील म्हणून तुम्ही आधीच दुसऱ्यावर ढकललंत. मग मंत्र्यांत आणि तुमच्यात फरक काय? ते निदान त्यासाठी निवडून आले होते. त्याला तोंड आहे ना? सांगू दे त्याला, मला कोणी हुकूम दिला ते. एकवीस माणसं मेली गुरुजी. तुम्हाला तोंड आत बघतंय की बाहेर याची पडली होती!”

काळ्या चष्म्याखालून पाणी येत होतं. थेंबांचं की कशाचं, मी विचारलं नाही. मला दया येत नव्हती.

“तो फोटो कुठे आहे, बाबा?”

लेक दारात उभी होती. हातात औषधाची बाटली. ती कधी येऊन उभी राहिली ते आम्हा दोघांनाही कळलं नव्हतं.

“तू आत जा,” गुरुजी म्हणाले.

“एप्रिलपासून माझा नवरा घरातल्या कुठल्याच दाराला कडी लावू देत नाही,” ती माझ्याकडे बघून म्हणाली. “मुलांनी बाथरूमची कडी लावली तरी धावत जातो, दार बडवतो. काय झालं विचारलं की म्हणतो, काही नाही, काम फार आहे. मला वाटायचं, माझंच काही चुकतंय.” मग ती वडिलांकडे वळली. “तुम्हाला काल कळलं. तुम्ही काल दुपारी घरी आलात, मी तुमच्या डोळ्यांत थेंब घातले. तुम्हीही म्हणालात, काही नाही.”

“तुझ्यासाठीच केलं गं.”

“माझं नाव घेऊ नका!” बाटली तिनं इतक्या जोरात टेबलावर ठेवली की झाकण उडालं. “मला विचारलं होतंत? त्या घरात मी राहते. त्या माणसाशेजारी मी झोपते. माझा संसार वाचवायचा की नाही ते मला कोणीच विचारणार नाही का?”

गुरुजींचा हात नकळत सदऱ्याच्या खिशाशी गेला. लेकीनं पुढे होऊन खिशातून चष्म्याचं घर काढलं आणि उघडलं. आत मऊ कापडात गुंडाळलेलं कॅमेऱ्याचं कार्ड होतं.

“फेकलं का नाही?” मी विचारलं.

“हात धजला नाही,” ते म्हणाले. “फोटो चांगला होता.”

६

दुसऱ्या दिवशी आयोगाच्या बाहेरच्या व्हरांड्यात आम्ही तिघं बसलो होतो: राखणदाराची बायको, फ्लॅश आणि मी. कार्ड वकिलांकडे होतं. फोटो आतल्या पडद्यावर दिसला तेव्हा खुर्च्यांतून एकदम आवाज उठला, तो आम्हाला बाहेर ऐकू आला. साहेब आले नाहीत. एप्रिलच्या पानावर खरा फोटो कोणता होता ते मी आदल्या रात्रीच माझ्या सदरात लिहून दिलं होतं, तेही त्यांनी छापलं नव्हतं.

थोड्या वेळानं वकील बाहेर आले. त्यांचा चेहरा पडलेला होता.

“राखणदार आत दिसतोय, ते चांगलं आहे. पण सरकारी वकील म्हणतात, गजांमागचा हा माणूस तोच कशावरून? खाकी कपडे सगळेच घालतात. आणि कुलूप लावणारा हा कोण? मंत्र्यांचं कार्यालय म्हणतं, आम्ही ह्याला ओळखत नाही, आमच्याकडे असा कोणी नाही. उद्यापासून ह्याला कोणी शोधणारही नाही. ओळख पटवणारं माणूस पाहिजे, आणि आजच.”

“मी ओळखते,” मी म्हणाले.

“तुम्ही लग्नाचा फोटो पाहिलाय. त्याला कोणी ओळख म्हणत नाही.”

राखणदाराच्या बायकोनं आमच्या दोघांकडे पाहिलं. तिनं रडायचं केव्हाच सोडून दिलेलं होतं. “म्हणजे फोटो असूनही नाही?” ती म्हणाली. “आता अजून काय आणायचं आम्ही? मेलेल्यांना उठवून आणू?”

मला कोणाला तरी धरून हलवावंसं वाटत होतं, आणि ज्यांना हलवायचं ते सगळे झेंड्याच्या गाड्यांतून फिरत होते.

तेवढ्यात जिन्यावरून गुरुजींची लेक वर आली. एकटीच होती. रात्रभर जागी असावी, साडी कालचीच होती. ती बाकापाशी येऊन उभी राहिली.

“ह्या कोण?” राखणदाराच्या बायकोनं मला विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत तिनंच सांगितलं. “कुलूप ज्यानं लावलं, त्याची बायको. रात्री मी त्याला म्हटलं, तू जाऊन सांग. तो म्हणाला, मंत्रिसाहेब बघून घेतील. म्हणून मी आले.”

राखणदाराची बायको तिच्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ही उठून हिच्या थोबाडीत मारणार. तिच्या जागी मी असते तर मारलीच असती.

“ताई,” लेक म्हणाली, “मी तुमची...”

“मला सांगून काय उपयोग?” राखणदाराची बायको म्हणाली. “आत जाऊन सांगा.”

लेकीनं मान हलवली. वकिलांनी दार उघडून धरलं आणि ती आत गेली.